गुळव्याची गोळी, परळची नळी

पेठ वडगावच्या सोमवारच्या बाजारात या. मिरचीची पोती उतरतात तिथं भिंतीला टेकून उभे राहा आणि डोळे मिटा. टेम्पोचा हॉर्न, मोबाईलवरची गाणी, कांद्याचा भाव सांगणारा भोंगा, सगळं एकेक करून मागं पडू द्या. मिरचीचा खकाणा तेवढा नाकात धरून ठेवा. तो तेव्हाही असाच होता. आली शिंक? उघडा डोळे.

टेम्पो गेले. समोर बैलगाड्यांची रांग आहे, जोखडं जमिनीला टेकवलेली, आणि गाड्यांखालच्या सावलीत माणसं भाकरी सोडून बसलीत. तुमच्या पायात करकरत्या वहाणा आहेत आणि पाय घोट्यापर्यंत धुळीत बुडालेत. १९५१-५२ चा गुऱ्हाळाचा हंगाम आहे. एका बाजूनं झुळूक आली की उकळत्या रसाचा वास येतो, दुसऱ्या बाजूनं आली की शेणाचा आणि बैलांच्या घामाचा. जनावरांच्या बाजारात शिरू नका म्हटलं तरी तुम्ही शिरणारच. तिथं एक दलाल तुमचा हात धरून टॉवेलखाली ओढतो आणि तुमची बोटं दाबतो. ही बोली चाललीय. किती बोटं दाबली म्हणजे किती रुपये, हे तुम्हाला ठाऊक नाही. चुकून मान हलवाल तर खिलारी खोंड दावणीसकट तुमच्या गळ्यात पडेल. काढा हात आणि निघा. आज तुम्हाला मुंबईला जायचंय, परळला, आत्याला घेऊन.

ही आत्या, तिचा नवरा आणि वाटेत कानावर पडणारी बोलणी माझ्या कल्पनेतली आहेत. परळला रेल्वेतल्या माणसाच्या रक्तानं जे केलं ते मात्र घडलेलं आहे, आणि ते तुम्ही वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून तर एवढा प्रवास.

आधी मात्र गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर थांबा. चुलवाणाची धग दहा हातांवरून तोंडाला लागते. चुलवाण्या वाळलेली चिपाडं आत सारतोय, त्याच्या छातीवरचा घाम आगीच्या उजेडात चमकतोय. वर काहिलीत रस रटरटतोय. रानभेंडीचा चिकट रस त्यात पडला की मळी फेसाबरोबर वर येते आणि ती काढून टाकतात. मग रस तांबूस होतो, बुडबुडे जाड होतात, आणि सगळ्यांच्या नजरा गुळव्याकडं वळतात. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी चाचपतो. विरघळला तर अजून वेळ आहे. गोळी झाली तर काहील उतरवायची. त्याच्याजवळ घड्याळ नाही, तापमापक नाही. पातळ होतं ते घट्ट झालं का, एवढंच तो बघतो आणि त्या एका बघण्यावर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं.

"घ्या की पावनं, हात फुडं करा," म्हणत तो गरम गुळाचा गोळा तुमच्या तळहातावर ठेवतो. जीभ पोळते. पोळू द्या. पाण्यातली ती गोळी लक्षात ठेवा.

आत्याचं घर पेठेतल्या बोळात आहे. आत शिरलात की आधी काही दिसत नाही, नुसता सारवणाचा आणि चुलीच्या धुराचा वास. मग उंबऱ्याशी बसलेली आत्या दिसते. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झालाय आणि तळहात मात्र पिठासारखे पांढरे. विहिरीवरून घागर आणताना ती तीन ठिकाणी टेकते. लघवीला गडद होतंय, हे ती तुम्हाला सांगत नाही, शेजारणीला सांगते.

"कावीळ हाय," शेजारीण म्हणते. "उतरून घेतली की बरी हुईल."

कावीळ उतरवणारा आलेलाच आहे. तो आत्याच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळतो आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. परातीतलं पाणी बघता बघता पिवळं होतं. बायका हरखतात. तुम्हीही वाकून बघा, खरंच पिवळं झालंय. सालीच्या रसाची आणि चुन्याची गाठ पडली की ते तसं होणारच. परात पिवळी होते, आणि आत्याचे डोळेही पिवळेच राहतात.

जवळचा मोठा दवाखाना म्हणजे मिरजेचा मिशनचा. पण मामा परळच्या गिरणीत आहेत, आणि त्यांचं कार्ड आलंय: हिकडंच घेऊन या, दवाखाना खोलीपासून हाकेवर आहे. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडं मामाच म्हणतात. त्यामागं पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक आहे. मामाची पोर करायची, आत्याच्या घरात द्यायची, असं चालत आलं की आत्याचा नवरा आणि मामा ही दोन नाती एकाच माणसात येऊन बसतात. हा शब्दही पिशवीत ठेवा. तो आपल्याला शेवटी लागणार आहे.

हातकणंगल्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. ही छोट्या रुळांची गाडी आहे, मिरजेवरून पुण्यापर्यंत अशीच डुलत जाणार आणि पुण्याला बदलावी लागणार. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर आत्याला खिडकीशी बसवा. इंजिनाच्या धुरातून कोळशाचा कण उडून तुमच्या डोळ्यात जातो, तो चोळू नका, पदराच्या टोकानं काढतात. कुणी शेंगांची टरफलं पायाशी टाकतंय, कुणाची कोंबडी टोपलीतून मान बाहेर काढतेय, आणि कुणीतरी तुम्हाला "कोन गाव?" विचारून तुमच्या तीन पिढ्यांची चौकशी करतंय. रात्र पडते. डब्यातला दिवा असा मिणमिणता की समोरच्याचं तोंड ओळखू येत नाही.

या अंधारातच एक गोष्ट ऐकून घ्या. सहा-सात वर्षांपूर्वी, महायुद्ध चालू असताना, लंडनहून केंब्रिजकडं जाणाऱ्या अशाच एका अंधुक आगगाडीत रॉबिन कूम्ब्स नावाचा तरुण संशोधक बसला होता. शिक्षणानं तो जनावरांचा डॉक्टर. त्याच्या डोक्यात एक कोडं होतं. आपल्या रक्तात परक्याला ओळखून धरणारे पदार्थ असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. त्यातली काही तांबड्या पेशींना धरतात आणि पेशींचे गठ्ठे करतात, ते नळीत डोळ्यांना दिसतं. काही मात्र पेशीला नुसती चिकटून बसतात. गठ्ठा होत नाही, नळी स्वच्छ दिसते, आणि माणूस आतून खंगत जातो. न दिसणारं हे चिकटणं दिसायचं कसं?

त्या गाडीत त्याला उत्तर सापडलं. प्रतिपिंड हेसुद्धा माणसाच्या रक्तातलं प्रथिनच. ते सशाला टोचलं, तर सशाचं रक्त त्याला परकं मानून त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करील. सशाच्या रक्तातलं ते सीरम नळीत टाकायचं. पेशींवर कुणी चोरून बसलं असेल तर सशाची प्रतिपिंडं त्यांना एकमेकांशी बांधतील आणि नळीत दाणे पडतील. १९४५ साली कूम्ब्स, मोरंट आणि रेस या तिघांनी ही चाचणी जाहीर केली. आजही जगभरच्या रक्तपेढ्यांत ती कूम्ब्सच्या नावानंच ओळखली जाते. तिघांतलं रेस हे नाव लक्षात असू द्या.

आत्या ऐकत होती. "जनावरांच्या डागतरानं माणसाचं कोडं सोडवलं व्हय?" ती म्हणते आणि तुमच्या खांद्यावर डोकं टेकून झोपते. तिचा श्वास भरभर चाललाय. छातीतली धडधड तुमच्या दंडाला जाणवतेय. रक्त पातळ झालं की हृदयाला दुप्पट राबावं लागतं.

दादरला उतरलात की पहिला मार कानांवर बसतो. ट्रामची घंटा, हमालांच्या आरोळ्या, आणि परळच्या बाजूला सरकाल तसा गिरण्यांचा भोंगा. तो पोटात ऐकू येतो. भोंगा झाला की फाटकांतून माणसांचे लोंढे सुटतात, एक पाळी बाहेर, एक आत, आणि तुम्ही आत्याचा हात घट्ट धरून मधोमध सापडता. माणसांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पिंजण बसलीय, जणू सगळी एकाच रात्रीत म्हातारी झाली. हवा दमट, गरम तेलाची. एका चाळीतून सुक्या बोंबलाचा वास येतो, तिथं कोकणातली माणसं राहतात. पुढच्या चाळीत लसणाच्या चटणीचा येतो, आणि आत्याचा चेहरा खुलतो. तिथं आपली माणसं राहतात.

भिंतीवर कुणीतरी बैलजोडी रंगवलीय. निवडणूक आहे म्हणे. "चांगली हायती," आत्या जोडीकडं बघून म्हणते आणि पुढं चालू लागते. तुम्हीही चला.

मामांची खोली तुमच्या आजच्या स्वयंपाकघराएवढी असेल. तिच्यात चौदा माणसांच्या ट्रंका आहेत. चौदा जण एका वेळी झोपत नाहीत, म्हणून चालतं. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरते, आणि जमीन कधी गार होत नाही. खाणावळवाली बाई आत्याला बघून काही विचारत नाही. भाताची पेज पुढं करते आणि म्हणते, "उद्या सकाळी लवकर जावा. रांग लांब असते."

के.ई.एम. हे दगडी रुग्णालय १९२६ पासून गिरणगावाच्या मधोमध उभं आहे. आत पाऊल टाका. फिनेल, स्पिरिट, ईथर, ओल्या पट्ट्यांचा आंबूस वास, आणि या सगळ्यांवर पसरलेला माणसांच्या घामाचा. बाकं भरलीत, म्हणून लोक जमिनीवर बसलेत. कुणाचा यंत्रात सापडलेला पंजा फडक्यात गुंडाळलेला, कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर. आत्याच्या शिरेतून काचेच्या सिरिंजनं रक्त काढतात. रक्त पाणचट दिसतं. ती नळी तपासायला आत जाते आणि तुम्ही थांबता.

तेवढ्यात वॉर्डबॉय बाहेर येतो. "रक्त द्यायला कोण येतंय? ओ गट पाहिजे."

बघा, गर्दी कशी पांगते. रक्त दिलं की माणूस वाळतो, अशी सगळ्यांची खात्री आहे. ज्याच्यासाठी रक्त हवंय तो रेल्वेतला माणूस आहे, अपघातात सापडलेला. आणखी एक असाच अडलेला आहे, त्याला सुरा लागलाय. मामा तुमच्या पाठीला हात लावून तुम्हाला पुढं सारतात. तुमचा गट ओ आहे हे तुम्ही आजच्या काळातून ठाऊक करूनच आलात. ओ म्हणजे सगळ्यांना चालणारं रक्त, शाळेत शिकलात. छाती थोडी फुगते.

सुई उकळत्या पाण्यातून काढलेली आहे, आजच्या सुईपेक्षा जाड, आणि ती दगडावर घासून पुन्हा पुन्हा धार लावलेली असते. दंडाला रबरी नळी आवळतात. डोळे फिरवू नका, बघा. तुमचं रक्त काचेत चढतंय, गडद, जवळजवळ जांभळं. बाटलीभर नंतर काढतील. आधी जुळवून बघायचंय.

आत प्रयोगशाळेत या. टेबलावर लाकडी चौकटीत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, पांढऱ्या चिनी मातीची फरशी, कोमट पाण्याचं पातेलं, एक सूक्ष्मदर्शक. एक तरुण मदतनीस रेल्वेवाल्याच्या रक्तातलं पिवळसर सीरम थेंबभर नळीत घालतो, तुमच्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्यात कालवून त्यात सोडतो आणि नळी हलवतो. कुंकवाच्या पाण्यासारखं एकसारखं दिसतंय. त्यानं तसंच राहायला हवं. रेल्वेवाल्याचा गटही ओ आहे, कारण त्याच्या पेशींचे गठ्ठे ए-विरोधी सीरमनं झाले नाहीत, बी-विरोधी सीरमनंही नाहीत. ओला ओ, यात अडायचं काय?

मदतनीस नळी उजेडाकडं तिरपी धरतो. तळातून लाल वाळू सरकल्यासारखं काहीतरी सरकतं. वर पाणी निवळ झालंय.

गोळी झाली.

तुम्हाला गुळव्याची बोटं आठवतात. इथं गोळी होणं म्हणजे मात्र उलटं. तुमच्या रक्ताची बाटली या माणसाला लावली असती तर नळीत दिसलं ते त्याच्या शिरेत झालं असतं: हुडहुडी भरून ताप, कंबरेत कळ, काळपट तांबडी लघवी, आणि मग मूत्रपिंडं बंद. मदतनीस दुसरी नळी लावतो. पुन्हा वाळू. तुमच्या आधी आलेल्यांचं हेच झालंय आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांचंही होणार आहे. दीडशेहून जास्त दात्यांची रक्तं तपासली गेली, कुठल्याही गटाचं जुळेना. प्रत्येक वेळी एक माणूस शर्टाची बाही खाली करत, काहीसा ओशाळून बाहेर गेला. शेवटी जुळलं ते याच मुंबईतल्या एका माणसाचं.

या टेबलापाशी जे थांबले, ज्यांनी "नळी खराब असेल" म्हणून नवी नळी घेऊन विषय संपवला नाही, त्यांची नावं घ्यायला हवीत: डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया. भेंडे हे नाव ऐकून आत्या नक्की म्हणाली असती, "आमच्या गुऱ्हाळात भेंडीच मळी वर काढती."

त्या कोड्याचं आज ठाऊक असलेलं उत्तर असं. तांबड्या पेशीच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. शरीर त्यांच्यावरून आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखतं. ए आणि बी या खुणा एका पायरीवर चढतात, त्या पायरीला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसात ए नसतो, बी नसतो, पण एच उघडा असतो. म्हणजे ओ रक्त कोरं नाही, त्याच्यावरही एक खूण आहेच. आपल्या सगळ्यांच्या अंगावर ती असते म्हणून ती कुणाला खुपत नाही. या रेल्वेवाल्याच्या पेशीवर ती पायरीच नव्हती. त्याच्या शरीरानं एच कधी पाहिलेलाच नाही, म्हणून ए, बी, एबी आणि ओ हे चारही गट त्याला परके.

ही बातमी मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. लेखावर मुंबईच्या तिघांबरोबर लंडनच्या चौघांची नावं होती: सँगर, मॉर्गन, वॉटकिन्स आणि रेस. हो, तेच रेस, सशाच्या सीरमच्या चाचणीवर ज्यांचं नाव होतं. गटाला नाव पडलं बॉम्बे. शहराचं नाव पुढं बदललं. रक्तगटाचं नाव जगभर तेच राहिलं.

आता आत्याची नळी.

तिच्यासाठीही रक्त जुळवायला बसलेत आणि तिथंही तेच संकट आहे. सशाचं सीरम टाकून बघितलं की कुणाचंच रक्त जुळत नाही. मामांचं नाही, तुमचं नाही, खाणावळवाल्या बाईंनी पाठवलेल्या दोन पोरांचंही नाही. ही पण बॉम्बेवालीच काय? तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं असतं. अशा वेळी सगळा निकाल एका साध्या नळीवर असतो, आणि ती नळी मला या सगळ्या शास्त्रातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. तिच्यात दाता नसतो. रोग्याचंच सीरम आणि रोग्याच्याच पेशी. माणूस स्वतःशीच जुळतो का, एवढंच तिला विचारायचं.

रेल्वेवाल्याची ती नळी उचला. तिरपी करा. कुंकवाचं पाणी, एकसारखं, एक कण नाही. साऱ्या जगाशी न जुळणारा तो माणूस स्वतःशी मात्र पूर्ण जुळलेला आहे.

आता आत्याच्या पेशी. मदतनीस त्या मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतो, नुसतं तरंगणारं सगळं निघून जावं म्हणून. मग सशाच्या सीरमचा थेंब. थोडं थांबा. बाहेर भोंगा होतोय, काचा थरथरतायत. तो नळी तिरपी करतो.

दाणे आहेत.

म्हणजे आत्याच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं आत्याच्याच तांबड्या पेशींना चिकटलीत. तिची प्लीहा अशा डागलेल्या पेशी वेचून वेचून मोडतेय. डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा हा त्या मोडक्या पेशींचा. तिची कावीळ यकृतातून आलेलीच नाही. १९४६ साली इंग्लंडमध्ये बूरमन, डॉड आणि लाउटिट यांनी याच चाचणीनं हे दाखवलं: जन्मजात रक्त मोडण्याच्या आजारात सशाच्या सीरमनं काही होत नाही, आणि मधेच उपटलेल्या आजारात दाणे पडतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९०४ साली, डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीत स्वतःचंच रक्त मोडणारं प्रतिपिंड शोधलं होतं. तरी शरीर स्वतःवर हात उचलत नाही, हे तुम्ही उभे आहात त्या काळातल्या बऱ्याच मोठ्या डॉक्टरांचं पक्कं मत आहे. ससा आणि काचेची नळी मिळून ते मत मोडून काढतायत. पुढच्या काही वर्षांत गलग्रंथीचे, सांध्यांचे, कातडीचे आजार याच रांगेत येऊन उभे राहतील आणि त्यांना एक नाव मिळेल, ऑटोइम्यून. वडगावच्या पेठेत आमवात म्हणून, बाहेरची बाधा म्हणून, नशीब म्हणून सोसलेली किती दुखणी त्या एका नावाखाली येतात, याचा विचार तुम्ही परतीच्या गाडीत करा.

आत्या तुमच्याकडं बघतेय. तिला काय सांगाल? "आत्या, तुझं रक्त तुझ्यावरच रुसलंय," एवढं सांगा. ती समजेल. "मग त्याला कुनी समजवायचं?" ती विचारते. त्याला उत्तर आहे. कॉर्टिसोन नावाचं औषध जगात नुकतंच आलंय, १९५० चं नोबेल त्याच्या शोधाला मिळालंय, आणि ते शरीराचा हा राग उतरवतं. प्लीहा काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही आहे. कल्पनेतल्या आत्याला औषध द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून मी तिला ते देतो. तीन आठवड्यांत तिचे तळहात गुलाबी होतात. ती जिना चढून खोलीत येते आणि खाणावळवाल्या बाईंच्या चुलीपाशी भाकरी थापायला बसते.

त्या काळी खऱ्या कितीतरी आत्यांपर्यंत ना चाचणी पोचली, ना औषध. त्या परातीतलं पिवळं पाणी बघत गेल्या.

आता परत या. भोंगा विरू द्या. परळ तेच आहे. के.ई.एम.च्या आवारात आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि 'लॅन्सेट'च्या त्या लेखातले डॉ. भाटिया तिचे पहिले प्रमुख. तिथं बॉम्बे गटाचं आणि ऑटोइम्यून आजारांचं असं दोन्ही काम होतं. आज आत्यासारखी कुणी आली तर अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या प्रतिपिंडांनी धरलेल्या पेशी हिरव्या चमकताना दिसतात. कूम्ब्सची नळीही तिथंच आहे, अजून कामात.

आणि पिशवीत ठेवलेला तो मामा शब्द काढा. बॉम्बे गट अंगात उतरायला आई आणि बाप दोघांकडूनही तीच उणीव यावी लागते. सोयरीक घरातल्या घरात फिरत राहिली की अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. डॉ. भाटिया आणि साठे यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक बॉम्बे गटाचा निघाला. युरोपात तो दहा लाखांत एखादा. कोकण, दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक हा त्या गटाचा मुलूख. म्हणजे आपलाच. वडगावच्या भरलेल्या सोमवारच्या बाजारात तुमच्या खांद्याला खांदा लावून गेलेला एखादा माणूस त्या गटाचा असू शकतो, आणि त्याच्या कार्डावर 'ओ' लिहिलेलं असू शकतं.

नुसत्या पेशी तपासल्या की बॉम्बे गट ओ सारखाच दिसतो. माणसाचं सीरम ओ पेशींवर टाकून बघितलं तरच तो उघडा पडतो, त्या रेल्वेवाल्यासारखा. म्हणून तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या कार्डावर ओ असेल, तर पुढच्या वेळी रक्तपेढीत गेल्यावर एवढं विचारा: माझी उलट गटतपासणी ओ पेशींसह केलीत का? नसेल तर करून घ्या. घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालंच, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा, कारण त्यांतल्या प्रत्येकाला तो गट असण्याची शक्यता चारात एक आहे. जे जे बॉम्बे गटाचे निघतील त्यांची नावं रक्तपेढीत नोंदवून ठेवा. फ्रीजमधली रक्ताची पिशवी काही आठवडेच टिकते. नोंदवलेला माणूस वर्षानुवर्षं हाकेला येतो.